अक्सकाळ

गाठ साधी नव्हती. सुतळी दोनदा फिरवून मध्ये एक पीळ दिलेला, त्यावर लाखेचा लाल ठिपका, आणि त्या लाखेत कुणाच्या तरी अंगठ्याची अर्धी रेघ — मुंबईच्या एखाद्या शिपायाचा अंगठा असणार, घाईघाईत दाबलेला. सहदेव पडवीत मांडी घालून बसला होता आणि त्या अर्ध्या रेघेकडे टक लावून बघत होता. विळी हाताशी होती. एकदा सुतळी पात्यावर ओढली की काम झालं असतं. पण ज्या वस्तूची दसऱ्यापासून वाट पाहिली ती अशी भोपळ्यासारखी चिरायची? नाही, नखानं सोडवायची... आणि लाखेखाली नख घालता घालता त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. चाळिशीकडे झुकलेला बाप्या, ठाण्याच्या कचेरीतला नक्कल-कारकून, आज कचेरीला सुट्टी म्हणून घरी बाळकुमला, आणि बसलाय काय तर गाठ कुरवाळत!

आतून आवडाबाईचा आवाज आला. भाकऱ्या थापता थापता ती कितीतरी वेळ त्याच्यावर नजर ठेवून होती.

"सुटली का नाय? आपल्या लगनातली गाठ सोडाया इतका येल नव्हता लागला."

"लग्नातली गाठ तू सोडवलीस. मी नुसता उभा होतो."

"मंग आताबी उभेच ऱ्हावा. आनते मी विळा."

"हात लावू नकोस," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

कागदाच्या आत होता रूसी भाषेचा कोश. असणारच होता. उद्या सकाळच्या डाकेनं सहदेवला मुंबईला एक पान पाठवायचं होतं आणि त्या पानावर त्याचं सगळं अवलंबून होतं. मुंबईतल्या एका विद्वत्सभेनं ठाण्याच्या वाचनालयात सूचना लावली होती — रूस आणि त्यापलीकडचा मध्य आशिया, या मुलखांतल्या भाषांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या एका एतद्देशीय गृहस्थास दोन वर्षं मुंबईत ठेवून घेऊ, गुरू देऊ, ग्रंथालय खुलं करू. एकच जागा. अट एवढीच की सभा पाठवील त्या छापील रूसी पानाचं मराठी भाषांतर करून पाठवावं, आणि उमेदवाराला सभेच्या संग्रहातलं एक पुस्तक, फक्त एक, मागवता येईल. ती सूचना त्यानं उभ्या उभ्या चार वेळा वाचली होती. शेजारी कुणीतरी पेंगत होतं. त्याला हलवून उठवावं आणि सांगावं, अरे, हे माझ्यासाठी लिहिलंय...

कारण ठाणे जिल्ह्यात रूसी येणारा दुसरा कोण होता? लढाईच्या वर्षात, म्हणजे तुर्कांचं रूम आणि रूस एकमेकांच्या उरावर बसले होते तेव्हा, सगळं वाचनालय सुलतानाच्या बाजूनं की झारच्या, यावर तावातावानं भांडायचं, आणि सहदेव मात्र एका इंग्रजी चित्रपत्रातल्या रूसी पाटीवर बोट ठेवून बसायचा. उलटा एन, खुर्चीसारखं एक अक्षर, तीन दातांचा पंजा एक. मग कल्याणला एक म्हातारा फौजी डॉक्टर भेटला. त्याच्याकडे रूसी व्याकरण होतं, पण पुस्तक घराबाहेर जाणार नाही म्हणाला. ठीक आहे! नक्कल करणं हे तर सहदेवचं पोट. अकरा महिने दर रविवारी तो कल्याणला जाई आणि डॉक्टरच्या ओसरीवर बसून बोरूनं ते व्याकरण उतरवून काढी. कचेरीत शिकवलं होतं की नक्कल करताना अर्थाकडे बघू नये, बघितलं की चूक होते. इथं तो पहिल्यांदाच बघत होता. आणि बघतो तर काय — नभ म्हणजे न्येबो, भ्राता म्हणजे ब्रात, जीव म्हणजे झिव, दोन म्हणजे द्वा! घरचीच माणसं की ही सगळी, थंडीत टोपडी घालून बसलेली... डॉक्टरला त्यांचं ते एक अक्षर जन्मात म्हणता आलं नाही. त्स, त्स, असं करत तो थुंकी उडवायचा. सहदेव म्हणाला, साहेब, हा तर आमचा चमच्यातला च! आणि म्हणून दाखवला. डॉक्टर बघतच राहिला. त्या दिवशी कल्याणहून येताना खाडीच्या पुलावर तो आगगाडीत मोठमोठ्यानं चमचा, चमचा म्हणत होता, डब्यातल्या बाईनं आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं.

सुतळी सुटली. त्यानं ती गुंडाळून बाजूला ठेवली, कागद उलगडला आणि पुस्तक उघडलं.

आधी त्याला वाटलं की पुस्तक उलटं धरलंय. त्यानं फिरवून बघितलं. मग मलपृष्ठाकडून उघडलं. मग आणखी एक पान, आणि आणखी एक. खुर्ची नाही, पंजा नाही, उलटा एन नाही. फारसीसारखी उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं, शेजारी इंग्रजी लिपीत उच्चार, पुढे इंग्रजीत अर्थ... तुर्की. इस्तंबूलच्या सुलतानाची तुर्की भाषा. रूमची भाषा!

रूमची. तो उठला, पेटीतून आपल्या अर्जाची स्थळप्रत काढली, कारण कारकून मेला तरी स्थळप्रत ठेवून मरतो, आणि उजेडात धरली. 'रूस भाषेचा कोश मिळावा.' त्याच्या अक्षराचं कौतुक खुद्द कलेक्टरच्या चिटणिसानं केलं होतं. सहदेवचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर, असं कचेरीत म्हणत. तर त्या मोत्यांतला 'स' असा काही ऐटीत गाठ मारून उभा होता की सरळ सरळ 'म' दिसत होता. मुंबईचा कारकून बिचारा काय करील? गेली तीन-चार वर्षं अख्खा मुलूख रूम-रूस, रूम-रूस एका श्वासात म्हणत आलाय. मी असतो तरी रूमच वाचलं असतं.

"काय जालं? कुनी गेलं काय?" आवडाबाई पिठाचे हात घेऊन दारात आली.

"भलतंच पुस्तक आलं. माझ्याच हातानं मागवलं."

"मंग उद्याचं पान?"

"पान तर तयार आहे. नुसतं ताडून बघायचं राहिलं होतं."

"आता वो?"

त्यानं खांदे उडवले. ती त्याच्या तोंडाकडे बघून परत आत गेली, आणि भाकरीबरोबर आज न मागता सुक्या बोंबलाची चटणी आली. तो जेवला. चटणी चांगली झाली होती, आणि वाईट वाटत असतानाही ती चांगलीच लागत होती, याचा त्याला थोडा राग आला.

तसं भाषांतर काही वाईट नव्हतं. ताश्कंदकडच्या एका गावाचं वर्णन होतं ते, कुणा रूसी मोजणी-अधिकाऱ्यानं लिहिलेलं. व्याकरण त्याला पाठ होतं, आणि जिथं शब्द अडला तिथं संस्कृत धातू मदतीला धावत होते. एका वाक्यावर तर त्याचा भारीच जीव होता. 'अक्सकल देलित वोदू.' वोदू म्हणजे पाणी, उदक, हे शेंबडं पोर सांगेल. देलित म्हणजे दळणं, दुभागणं, वाटणं. आणि अक्सकल? पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तेव्हा सहदेव जागचा उठून उभा राहिला होता. सकळ... सकाळ! रूसी लिपी काना दाखवत नाही आणि ळ त्यांच्याकडे नाही, म्हणजे सकाळच. आधीचं अक् म्हणजे अग्र. अग्र-सकाळ, अक्सकाळ, भल्या सकाळी. 'भल्या सकाळी पाण्याची वाटणी होते.' केवढं सोपं, केवढं आपलं! खाली त्यानं अर्धं पान टीप लिहिली होती, की हा शब्द प्राचीन काळी आर्यांच्या दोन्ही शाखांत समान असावा. त्या टिपेवरच जागा मिळणार, अशी त्याची मनातून खात्री होती.

जेवणानंतर तो तुर्की कोश चाळत बसला. परत करायचाच आहे, तर निदान बघून घ्यावा. ओळख ना पाळख अशी ती माणसं... सु म्हणजे पाणी. हं, असेल. सुलतान आपल्यातलाच. एस अक्षराची पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. सकल. अरे, हीही सकाळ! इथंही? म्हणजे टीप आणखी लांबवावी लागणार... तो हसत हसत अर्थाकडे वळला.

दाढी.

त्यानं पुन्हा वाचलं. सकल, दाढी. मग कुणीतरी मागून ढकलावं तसा तो पुस्तकाच्या सुरुवातीला गेला आणि अक् शोधला. अक्, पांढरा. अक्-सकल. पांढरी दाढी. रूसी शब्द नव्हताच तो! त्या मोजणी-अधिकाऱ्यानं तिथल्या लोकांचा शब्द जसाच्या तसा आपल्या अक्षरांत उतरवून घेतला होता, नक्कल केली होती, आणि लोक बोलत होते इस्तंबूलच्या भाषेची कुणी चुलत बहीण. पांढरी दाढी पाणी वाटते. गावचा म्हातारा पाणी वाटतो...

"अगं," सहदेव ओरडला, "सकाळ म्हणजे दाढी!"

"मंग संध्याकाल म्हंजे मिशी व्हय?" आतून उत्तर आलं.

तो असा काही हसला की आवडाबाई भांडी टाकून बाहेर आली. तो पोट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मध्येच स्थळप्रत उचलून त्या 'स'चा मुका घेत होता. चुकीचं अक्षर काढलं म्हणून चुकीचं पुस्तक आलं, आणि चुकीचं पुस्तक आलं म्हणून... रूसी कोश आला असता तर? त्यात तो शब्द सापडलाच नसता, मी म्हटलं असतं फार प्राचीन दिसतो, आणि टीप आणखी चार ओळी वाढली असती. उद्याच्या डाकेनं ती मुंबईला गेली असती. या कल्पनेनंच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं टिपेवर आडवी रेघ मारली. अर्धं पान. मारताना दुखेल असं वाटलं होतं, दुखलं नाही. मग वाक्य नव्यानं लिहायला घेतलं आणि अडला. पांढरी दाढी पाणी वाटते, असं लिहिलं तर परीक्षक हसतील. पाटील? पाटील वसूल करतो, वाटत नाही. पंच? पंच पाच असतात. आपल्याकडे अशा माणसाला म्हणतात तरी काय... आणि त्याला एकदम आठवलं की आज उधाण आहे, बाप मिठागरावर पाणी वाटत असणार.

मिठागराच्या बांधावर तो पोचला तेव्हा खाडी चढत होती. उघाडीपाशी, म्हणजे जिथून खाडीचं पाणी मिठागरात घेतात त्या दाराशी, सात-आठ माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. दाराच्या फळीवर पाय ठेवून उभा होता त्याचा बाप, गणू. गुडघ्यापर्यंत चिखल, न्हाव्याला महिनाभर चुकवल्यानं वाढलेली पांढरी खुंटं, आणि एक हात वर. कुठल्या घराच्या वाफ्यांत किती पाणी सोडायचं हे गेली वीस वर्षं तोच ठरवत होता. कुणी नेमला नव्हता. तो हात खाली करी तेव्हा फळी उचलली जाई, वर करी तेव्हा बसे. आणि आज उधाण दुपारचं होतं. भल्या सकाळी! मिठागरकऱ्याच्या घरात जन्मलो आणि लिहून मोकळा झालो की पाण्याची वाटणी भल्या सकाळी होते. पाणी काय सकाळ बघून येतं?

"बाबा, येक इचारू?"

"इचार. पन बेगीन. पानी चढतंय."

"पानी वाटनाऱ्याला लोक काय म्हनतात?"

गणूनं खाडीवरची नजर काढली नाही. "पुरलं तर काय बी नाय म्हनत. नाय पुरलं तर आयबाप काढतात."

माणसं खो खो हसली. सहदेवही हसला, आणि मग त्यानं सांगितलं. लई लांब, बर्फाच्या डोंगरापल्याड एक गाव आहे, तिथं पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याला पांढरी दाढी म्हणतात. मुंबईच्या जागेबद्दल तो बापाजवळ आजवर एक अक्षर बोलला नव्हता. दोन वर्षं घर सोडून राहायचं हे कसं बोलायचं तेच कळत नव्हतं. तेही बोलून गेला. गणू हनुवटी खाजवत ऐकत राहिला.

"नीट वाटतो का त्यो?"

"कोन?"

"तुजा त्यो म्हातारा. नीट वाटतो का पानी?"

पानावर ते नव्हतं. मोजणी-अधिकाऱ्यानं ते विचारलंच नव्हतं. "म्हाईत नाय, बाबा. कागदात नाय."

"मंग जाऊन बग," गणू म्हणाला, आणि त्यानं हात खाली केला.

फळी उचलली गेली. पाणी आत आलं, आधी गढूळ, मग जरा स्वच्छ, आणि वाफ्यावाफ्यांतून शांतपणे पसरत गेलं. सहदेव चिखलात उभा होता. वाक्य कसं लिहायचं ते अजून ठरलं नव्हतं; अक्सकल तसाच ठेवावा म्हणावं, तर परीक्षक म्हणतील याला मराठी येत नाही, आणि त्या एका जागेसाठी मुंबई-पुण्याचे किती शास्त्री टपून बसले असतील कोण जाणे. पण या सगळ्याची भीती शोधूनही त्याला सापडेना. आजवर भेटलेला प्रत्येक परका शब्द त्यानं ओढून ताणून नात्यात बसवला होता — हा भाऊ, हा चुलता, हा आत्याचा मुलगा — आणि आज एक असा भेटला होता की जो त्याचा कुणीच लागत नव्हता. आणि त्यालाच भेटायला जावं, असं त्याला फार वाटत होतं.