गुईझन मावशीचं गरम पाणी

"पोटात दुखतंय? गरम पाणी पी!" गुईझन मावशीनं थर्मास चिलेशेच्या हातात कोंबला. "आणि पुन्हा बर्फ घातलेलं काही पिताना दिसलीस तर बघ. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला."

चिलेशे भिंतीला धरून कशीबशी हसली. "मावशी, डॉक्टरकडे जाऊ का?"

"एवढ्याशा दुखण्याला? बाहेर हाडं गोठतायत. पाळीचं असेल गं. ही रबरी पिशवी घे, पोट शेक आणि झोप. सकाळी टुणटुणीत होशील."

चीनमधल्या शेनयांगच्या त्या वसतिगृहात परदेशी मुलींच्या इमारतीच्या दाराशी मावशी बसायची. पासपोर्ट जवळ ठेवा, नळाचं पाणी पिऊ नका, ओल्या केसांनी बाहेर पडू नका, असा तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा. ताप असो, परीक्षेत नापास होणं असो की घरची आठवण, औषध एकच. स्वतःचा मुलगाही तिनं त्याच पाण्यावर वाढवला होता. पोरी तिच्या नकला करायच्या आणि पाणी मात्र निमूट प्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिलेशे म्हणाली, दुखायचं थांबलंय. "बघ, मी काय म्हणत होते!" मावशीनं मान उडवली.

संध्याकाळी पोरीला उचलून न्यावं लागलं.

"अपेंडिक्स फुटलंय," डॉक्टर खेकसला. "कालच का नाही आणलंत? आणि वरून शेकलंत?"

पोर जगली नाही. त्यानंतर मावशी कुणालाच काही सांगेनाशी झाली. कुणी शिंकलं तरी खाली मान घालून बसायची.

पंधरवड्यानं झांबियाहून चिलेशेची आई आली. अंगात पातळ स्वेटर, दातावर दात वाजत होते. वरच्या वर्गातली बुपे मध्ये बसून दोघींचं बोलणं एकमेकींना सांगत होती.

"त्या म्हणतात, चिलेशे फोनवर तुमच्याबद्दलच बोलायची. इथे एक मावशी आहे, रागावते, आजारी पडलं की गरम पाणी देते. म्हणून म्हणे आम्ही निर्धास्त होतो. तुमचे आभार मानतायत."

मावशीच्या काळजाचं पाणी झालं. तिनं बुपेचा हात घट्ट धरला. "सांग तिला. पोरगी डॉक्टरकडे जाते म्हणाली होती. मीच अडवलं. मीच मारलं तुझ्या लेकीला, असं सांग."

बुपेनं आपला हात सोडवून घेतला. "नाही सांगणार, मावशी."

"अगं सांग! मला झोप लागत नाही."

"तुम्हाला झोप लागावी म्हणून त्यांची उडवू? आज लेकीला पेटीत घालून नेतायत त्या. एवढी एक बरी गोष्ट तरी त्यांच्याबरोबर जाऊ दे."

मावशीचे डोळे भरून वाहू लागले. आईला वाटलं, ही बाई आपल्या लेकीसाठी रडतेय. तिनं मावशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग टेबलावरच्या थर्मासकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"थोडं मिळेल का, म्हणतात," बुपे म्हणाली.

मावशीनं थर्मासमधून पेल्यात ओतलं. अर्धं पाणी टेबलावर सांडलं. आईनं पेला दोन्ही हातांत धरला, फुंकून फुंकून सगळं पाणी प्यायली आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

मावशीनं तो भरला.