घट्ट बांधलेला पट्टा

एकसष्ट सालच्या पौषात, अंजनगावच्या पलीकडल्या त्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. गावाला डॉक्टर सरकारनंच दिला होता, आणि साक्षीचं समन्स धाडून त्याला अमरावतीच्या कोर्टात बसवूनही सरकारनंच ठेवलं होतं. तक्रार करायची तरी कोणाकडे? मागं उरल्या शालू नर्सबाई, कंपाउंडर जानराव आणि ब्लडप्रेशर मोजायचं पाऱ्याचं एक यंत्र.

दुपारी देवमनला बाजेवर घालून आणलं. कापसानं भरलेल्या बंडीचं चाक त्याच्या पोटावरून गेलं होतं. बाहेर रक्ताचा थेंब नाही, पण पोट टणक आणि चेहरा पांढराफटक. आत रक्त सुटलंय हे शालूला लगेच कळलं. पोट उघडायचं तर अमरावतीच गाठायला हवी होती. जानराव ट्रक पाहायला कापसाच्या जिनिंग फॅक्टरीकडे धावला. शालूनं होती नव्हती ती सलाइनची एकुलती एक बाटली लावली, खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या आणि देवमनच्या दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला. पारा ऐंशीवर.

पट्टा आवळला तसा देवमन कण्हला. त्यानं डोळे उघडून बायकोकडे, भागीरथाकडे पाहिलं. झालं! तिच्या मनानं तिथंच घेतलं, की उपाय सापडला.

"बाई, अजून घट्ट बांधा. साप चावला त आमी बी असंच बांधतो. जीव धरून ठेवते."

"अवं, हे औषध नाही. आत जोर किती हाय, तेवढं मोजते निस्तं."

भागीरथानं मान हलवली, पण ऐकलं काही नाही. बाटली संपली. सत्तर. पट्टा फुगला की ती नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणायची, "धरलं हो तुमाले, आता जाऊ नोका." आणि नागपुरात तीन वर्षं शिकून आलेली शालू गरज नसताना पुन्हा पुन्हा फुगा दाबू लागली. त्यानं डोळे उघडावे म्हणून, आणि रिकामे हात सहन होईनात म्हणूनही. साठ. ट्रकचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात सुभद्राला आणलं. दिवस भरलेले, अंग सुजलेलं, तोंडाला फेस, झटक्यावर झटके. तिला इंजेक्शन द्यायचं तर आधी प्रेशर पाहणं भाग होतं, आणि यंत्र एकच. शालू पट्टा सोडू लागली.

"नोका सोडू!" भागीरथानं दोन्ही हातांनी तो दंड गच्च धरला. "बाई, पाया पडतो तुमच्या!"

शालूनं तिची बोटं एकेक करून सोडवली. स्वतःची लाज वाटली तिला, तरी सोडवली. सुभद्राचा पारा दोनशेच्या वर होता. इंजेक्शन दिलं, झटके थांबले. या सगळ्यात दहा मिनिटं गेली.

शालू परतली तेव्हा देवमनचे डोळे उघडे होते आणि नाडी नव्हती. तरी तिनं पट्टा बांधला. पारा चढला, उतरला. स्टेथोस्कोप लावलेल्या कानात काहीच वाजलं नाही. बाहेर जानराव ट्रक घेऊन आला होता.

"तुमी सोडला म्हून गेले ते," भागीरथा म्हणाली. ओरडली नाही.

शालूनं तिथं गप्प बसायला हवं होतं. दोष घेऊन माणूस जगू शकतो. पण तिचा जीव गलबलला होता, आणि आपण मारलं नाही एवढं तरी या बाईनं मानावं असं तिला वाटलं.

"भागीरथाबाई, शप्पथ घेऊन सांगते. त्या पट्ट्यानं माणूस जगत नाही. बांधलेला असता, तरी ते गेलेच असते."

हळूहळू भागीरथाला ते पटलं, आणि पटलं ते फार वाईट झालं.

"मंग दुपारपासून तुमी काय करून राह्यल्या होत्या?"

शालूला खोटं सुचलं नाही.

"पाहून राहिली होती," ती म्हणाली.