मधल्या अक्षरापासून

पहिलीच्या पालकांना शाळेने एक कागद दिला होता. वर्षभरात मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी, याची त्यात यादी होती. मूल थकून घरी येईल, विनाकारण चिडेल. दात पडतील. डबा, रबर आणि एक मोजा हमखास हरवेल. वर्षाअखेरीस मूल ऐकलेली वाक्यं आपल्या हाताने लिहील. ठकूच्या आईने तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. तिच्या बाबाने शेवटचं वाक्य वाचलं आणि हसून सोडून दिलं. वर्षाअखेरीस? आमची ठकू आत्ताच लिहिते की!

बाबा पाट्या रंगवायचा. गल्लीतले लोक त्याला पेंटर म्हणत, आणि दुकानांवरची निम्मी नावं त्याच्याच हातची होती. शाळा सुरू होण्याआधीची सुट्टी त्याने ठकूला अक्षरं शिकवण्यात घालवली होती. ती रंगाच्या डब्यावर बसे आणि जुन्या फळीवर खडूने काढे. सुरेख काढे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो ती फळी दाखवायचा, आणि छाती अशी फुगवायचा की शर्टाच्या गुंड्यांनी धसका घ्यावा.

तिसऱ्या महिन्यात वहीत चिठ्ठी आली. पालकांनी भेटावे.

आई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा बाबाच गेला, हाताचा रंग रॉकेलने घासून. वर्ग रिकामा होता. बाईंनी त्याला मुलांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला लागतील अशा, आणि ठकूची वही पुढे ठेवली.

"मी शब्द सांगते, मुलं लिहितात," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचे दहा शब्द होतात तेव्हा हिचा एक होतो. तोही असा."

बाबाने पान पाहिलं. प्रत्येक ओळीच्या बरोब्बर मधोमध एकेक-दोनदोन अक्षरं होती. देखणी, टपोरी. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. काही ठिकाणी खोडून खोडून कागद फाटला होता.

"मुलगी गोड आहे हो, पण तिला अजून पहिली झेपत नाही असं मला वाटायला लागलंय. एक वर्ष खालच्या वर्गात बसू दे, असं मी मोठ्या बाईंना सुचवणार आहे."

बाबा पान बघतच राहिला, कारण ही पद्धत जगात आणखी कुणाला कळली नसती तरी त्याला कळत होती. पाटी लिहिताना आधी अक्षरं मोजायची, मधलं अक्षर मधोमध बसवायचं, मग तिथून दोन्हीकडे सरकायचं. नाहीतर शेवटची अक्षरं फळीबाहेर जातात. ठकूला त्याने दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्याला स्वतःलाही वीस वर्षांत दुसरं काही लिहावं लागलं नव्हतं.

"मी तिला कितीदा विचारलं, घरी कोण शिकवतं?" बाई म्हणाल्या. "म्हणते, कोणीच नाही."

कोणीच नाही! हे मात्र त्याला भलतंच लागलं. अख्खी सुट्टी फुकट गेली की काय? पोरीला आपल्या बापाची लाज वाटायला लागली, तीन महिन्यांत? पण रुसून बसायची ही वेळ नव्हती. त्याने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. मोजणं, मधलं अक्षर, फळी, सगळं.

बाई रागावल्या, आणि थोड्याथोडक्या नाही. "अहो, मी त्या पोरीला रोज बोलतेय याच्यावरून!" शेवटी म्हणाल्या, "पंधरा दिवस देते. तुम्हीच शिकवलंत, आता तुम्हीच सोडवा."

सोडवा म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी त्याने ठकूला सांगितलं, वहीत कडेपासून लिहायचं. ठकूने मान हलवली, पेन्सिल कडेला नेली आणि तिथेच थबकली. "मग शेवटची अक्षरं मावायची नाहीत," ती म्हणाली. त्याचंच वाक्य, त्याच्याच सुरात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती रडली, तो ओरडला आणि आई दोघांवर ओरडली.

चौथ्या दिवशी त्याने हात टेकले आणि वही स्वतःच्या पुढ्यात ओढली.

"आज तू बाई हो. तू सांग, मी लिहितो."

ठकूला एवढंच हवं होतं. ती खुर्चीवर उभी राहिली. "लिहा. मांजर."

त्याने सवयीने ओळीच्या मधोमध 'मांजर' लिहिलं.

"खिडकीत."

तो उजवीकडे सरकला.

"बसलं आणि त्याने आमचं सगळं..."

"अगं, थांब! कडा आली. किती लांब आहे तुझं वाक्य?"

"मला काय माहीत? मी अजून बोलतेय."

तो डोकं खाजवत बसला. उजवीकडे जागा संपली होती, डावीकडे निम्मी ओळ रिकामी. ठकू वाकून बघत होती. मग ती एवढी हसली की खुर्ची हलायला लागली. "बाबा, वेडा आहेस तू! मी काय बोलणार ते तुला आधी कसं कळणार? कडेपासून लिही. ओळ संपली की खाली जायचं."

"असं होय," बाबा म्हणाला. पाटीवरचं नाव आधीच ठरलेलं असतं, हा फरक त्यालाही आत्ताच कळत होता. त्याने पेन्सिल नवीन ओळीच्या कडेला टेकवली. "सांग."

ठकू एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली, बाई सांगत असतील तसा.

"बाबांनी. शिकवलं. हे. मी. बाईंना. सांगितलं. नाही."

त्याचा हात थांबला.

"लिही ना. कारण. बाई. मला. रागावतात. मग. बाबांना. पण. रागावतील."

ओळ संपली. तो खाली गेला. शेवटचा शब्द त्याने फार सावकाश लिहिला, कारण कागद त्याला नीट दिसत नव्हता. एवढीशी पोर महिनोन्महिने त्याला पाठीशी घालत होती, आणि तो घरात तोंड पाडून हिंडत होता!

"मी सांगून आलो त्यांना," तो म्हणाला.

ठकू खुर्चीवरून खाली उतरली. "रागावल्या?"

"रागावल्या."

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं गं."

"पहिल्यांदा वाटतं," त्याच्या दंडावर हात ठेवून ती समजुतीने म्हणाली. "मग सवय होते."

तिने वही आपल्याकडे ओढली, नवं पान काढलं. "आता तू बोल, मी लिहिते." ती पेन्सिल कडेला टेकवून वाट बघत राहिली.