मोडायचा राहिलेला लांडगा

मित्रांनो, मी एक जुना लांडगा आहे. खरं सांगायचं तर होतो. आता काय आहे ते शेवटी सांगतो, आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

मी जंगल पाहिलेलं नाही. माझा जन्म अमेरिकेतला, अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी, एका गॅरेजमध्ये. माझी हाडं म्हणजे प्लंबरचे पांढरे पाइप. बरगड्या खुराड्याच्या जाळीच्या. कातडं म्हणजे हॉलमधला करडा रग. त्याच्यावर वरण सांडलं होतं आणि हळदीचा डाग काही केल्या निघत नव्हता. तो डाग माझ्या पोटाखाली गेला. जबडा पोळ्यांच्या चिमट्याचा.

"बाबा, माझा चिमटा कुठंय?" घरची सून कादंबरी रोज विचारायची.

"असेल कुठं तरी," आजोबा म्हणायचे. चिमटा माझ्या तोंडात.

आजोबा म्हणजे एकनाथ. नागपूरचे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मुलाकडे, सुशांतकडे, सहा महिन्यांसाठी आले होते. सुशांत आणि त्याची बायको कादंबरी दोघंही ऑफिसला, आठ वर्षांची इला शाळेत. बाहेर ऑगस्टचं ऊन असं, की चप्पल डांबराला चिकटावी. आजोबांना तिथं गाडी चालवता येत नव्हती. चालत जावं तर रस्त्यावर माणूस नाही. दिवसभर खिडकीत बसायचे आणि समोरच्या घराचं गॅरेज कधी उघडतं ते बघायचे.

"बाबा, कसं वाटतंय?" एकदा सुशांतनं विचारलं.

"मस्त आहे बे. पिंजरा आहे, पण एसी आहे."

सुशांत हसला. मग हसायचा थांबला.

त्यातच गणपती आले. तीस वर्षं आजोबांनी आपल्या मंडळाचे हलते देखावे केले होते. मोटर, चकती, दांडा, दोरी, आणि त्यावर हलणारे देव, राक्षस, हत्ती. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे. घरच्या छोट्या गणपतीची आरती झाली, मोदक झाले आणि आजोबा परत खिडकीत.

मग इलानं त्यांना पकडलं. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे हॅलोविन असतो. पोरं भुताखेतांचे कपडे घालून घरोघर चॉकलेटं मागतात आणि लोक दारात काहीतरी भीतीदायक मांडतात.

"आजोबा, आपल्या दारात कधीच काही स्केअरी नसतं. इट्स सो एम्बॅरसिंग!"

"लांडगा चालेल?"

"यू कॅन मेक अ वुल्फ?"

"अगं, मी बकासुर केलाय. तुझा लांडगा काय चीज आहे!"

शनिवारी सुशांत त्यांना गावाबाहेरच्या भंगारात घेऊन गेला. तिथं मेलेल्या गाड्या ओळीनं उभ्या असतात. हवा तो पार्ट आपणच खोलायचा. आजोबा पाना घेऊन एका निळ्या ट्रकवर पालथे झाले. कपाळाला ग्रीस, शर्ट घामानं भिजलेला, आणि तोंडानं शीळ. सुशांत त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. बाप आल्यापासून शीळ पहिल्यांदाच ऐकत होता.

त्या ट्रकच्या वायपरची मोटर आजोबांनी काढली. तो मी. माझ्यात जे 'मी' म्हणतं ना, ते सगळं त्या मोटरीत.

जुन्या मॉनिटरच्या अडॅप्टरवर मला जोडलं. चकती फिरली, दांडा सरकला, मान उठली. दांड्याला आजोबांनी मुद्दाम पत्र्याची पट्टी घासत ठेवली होती, तीच माझी गुरगुर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आजोबांनी पान्या-स्क्रूड्रायव्हरची पूजा केली. मी तिथंच उभा, मग मलाही झेंडूचं फूल आणि कपाळाला कुंकू.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती हॅलोविनच्या संध्याकाळी, मला दारात मांडल्यावर, इलाला दिसली.

"आजोबा! ही इज बाउइंग!"

खरंच की. मान वर, मग उजवीकडे, मग डावीकडे, आणि शेवटी मी खाली वाकून नमस्कार करायचो. कारण देखाव्यातली सगळी मंडळी शेवटी गणपतीपुढे वाकतात. राक्षससुद्धा. आजोबांच्या हातांना दुसरा शेवट माहीतच नव्हता.

"दॅट्स नॉट स्केअरी," इला रडवेली झाली. आजोबांचं तोंड एवढंसं झालं. बदलायला वेळ नव्हता, पोरं यायला लागली होती.

पहिला आला एक समुद्री चाचा, सहा वर्षांचा. माझ्या कपाळावरचं कुंकू त्याला रक्त वाटलं. दोन पावलं मागे सरला. मी गुरगुरलो, मान फिरवली आणि त्याच्यापुढे वाकलो. पोरगं क्षणभर थांबलं. मग त्यानंही तलवार बाजूला धरली आणि मला वाकून नमस्कार केला.

मागच्या परीनं केला. मग भोपळा झालेल्या पोरानं. मग रांगच लागली, मित्रांनो. अख्ख्या गल्लीची भुतं माझ्यासमोर वाकून चॉकलेटं घेऊन जात होती. इला ओरडून सांगत होती, "माय आजोबा मेड इट!" आजोबा मागे गॅरेजमध्ये उभे, हाताला तेल लागलेलं म्हणून बाहीनं डोळे पुसत.

लांडगा म्हणून माझा तो एकच दिवस. बाकीचं सगळं पुढं सांगतोय ते.

दुसऱ्या दिवशी आजोबा पाना घेऊन आले. "चला, मोडू."

"नो!" इला मला बिलगली.

"राहू द्या ना बाबा," सुशांत म्हणाला. "पुढच्या वर्षी कामाला येईल."

"अबे, देखावा झाला की मोडायचा असतो. मोटर फळीवर, बांबू मांडववाल्याला. तेव्हा कुठं पुढच्या वर्षी नवं काही सुचतं. न मोडलेला देखावा घरात अडकून बसतो."

पण इला रडली आणि आजोबांनी पाना खिशात ठेवला. जानेवारीत ते नागपूरला गेले. माझ्यावर पांढरी चादर पडली.

आणि मी अडकलो.

एका बाजूला गरम पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला न उघडलेले खोके. पाय फळीला स्क्रूनं घट्ट. चँडलरच्या उन्हाळ्यात बंद गॅरेज म्हणजे भट्टी. जूनमध्ये गोंद विरघळला, डावा कान गळून पडला. तो माझ्याच पायाशी होता, मला उचलता येत नव्हता. एक हॅलोविन आला, कुणीतरी चादर उचलून बघितलं, "कान तुटलाय, नेक्स्ट इयर बघू," म्हणून परत टाकली. पुढच्या वर्षी चादरही उचलली नाही.

पण सकाळी साडेसहाला मला सोबत असायची. ऑफिसला जायच्या आधी सुशांत गाडीत येऊन बसायचा, गॅरेजचं दार बंदच ठेवून, आणि नागपूरला फोन लावायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात.

"गुडघा कसा आहे बाबा?"

"ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतो, एवढा लांबचा प्रवास नको. तू कधी येऊन राहिला?"

"बघतो ना बाबा. कागद अडकलेत."

सुशांतनं नोकरी बदलली होती. भारतात गेला तर परत यायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार, आणि तो कधी मिळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नोकरी, घर, इलाची शाळा, सगळं त्या शिक्क्यावर टांगलेलं. एक वर्ष झालं. दोन झाली. तीन.

आजोबा दर वेळी शेवटी विचारायचे, "आणि तो लांडगा मोडलास का रे?"

"हो बाबा. कधीच."

हे तो माझ्याकडे बघत म्हणायचा. चादरीखालून माझं एक नाक दिसायचं. फोन ठेवला की बराच वेळ स्टिअरिंग धरून बसायचा. बापाच्या हातचं त्या घरात तेवढंच होतं, मी. त्याला मोडवत नव्हतं. मला ते कळायचं, पण तरी मला सुटायचं होतं, मित्रांनो. कान पायाशी घेऊन तीन वर्षं उभं राहून बघा एकदा.

मग या मेमध्ये आजोबा फोनवर म्हणाले, "मंडळाची मोटर जळाली बे. आता नवीन मिळते ती दुबळी, जड काही उचलत नाही. तू लांडगा मोडलास ना? मग त्याची मोटर पाठव."

सुशांतनं चादरीकडे पाहिलं.

"ऐकू येऊन राहिलं ना?"

"हो बाबा. पाठवतो."

फोन बंद झाला. सुशांत उतरला, चादर काढली, पाना हातात घेतला आणि माझ्यासमोर खाली बसला. पाना लावायचा, काढायचा. शेवटी इला आली. आता अकरा वर्षांची. तिनं आतून फोन ऐकला होता, त्याचं तोंड बघून ती काय ते समजली.

"बाबा, तू खोटं सांगितलंस आजोबांना?"

"हो."

तिनं त्याच्या हातातला पाना घेतला. "मूव्ह. मी करते."

मोटरीचे चार स्क्रू. तिसरा गंजलेला होता, त्याला दोघांनी मिळून जोर लावला. मग ढिला झाला. मला बाहेर काढलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खालची फळी मला दिसली. कादंबरी दारात उभी होती. तिनं पुढं येऊन जबडा उचलला.

"माझा चिमटा!" ती ओरडली. सुशांत इतका हसला की त्याला रडू आलं. की उलटं झालं, मला नीट कळलं नाही.

आई-बाप जाऊ शकत नव्हते. पण इलाचा जन्म तिकडचा, तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट. तिला परत यायला शिक्का लागत नाही. शेजारच्या मंजुषामावशी जूनमध्ये नागपूरला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर इला निघाली. मी तिच्या बॅगेत, तीन टॉवेलांत गुंडाळलेला.

आजोबांनी मला हातात घेतलं, कानाशी नेऊन दांडा फिरवून पाहिला. एवढंच म्हणाले, "आला का बे."

इला शाळेसाठी परत गेली. मी राहिलो. आता मी लांडगा नाही. यंदाच्या देखाव्यात वसुदेव बाळकृष्णाला टोपलीत घेऊन तुरुंगातून निघतो. त्या तुरुंगाचं दार मी उघडतो. अर्ध्या मिनिटाला एकदा, गुरगुरत. पत्र्याची पट्टी आजोबांनी इथंही लावलीय. दार उघडतं, वसुदेव वाकतो, दार बंद होतं.

काल आरतीच्या वेळी आजोबांनी फोन माझ्यासमोर धरला. सुशांत दिसला. गाडीतच बसलेला, मागे गॅरेजचं बंद दार, आणि मी उभा असायचो तिथं जमिनीवर तेलाचा डाग.

"बाबा, दार भारी उघडतंय."

"मग ये ना बे."

तो बराच वेळ माझं उघडणारं, मिटणारं दार बघत राहिला. मग म्हणाला, "ऑफिसला उशीर होतोय," आणि त्यानं गॅरेजचं दार उघडायचं बटण दाबलं.

मित्रांनो, माझं मागणं छोटं आहे. सगळे सांगतात, जुन्या वस्तू जपा. जपा की. पण चादर टाकून विसरणं म्हणजे जपणं नाही. ज्याचं काम झालं त्याला आपल्या हातानं मोडा आणि त्यातलं जे अजून फिरतं, ते ज्याला हवंय त्याला द्या.

मला सोडवायला चार स्क्रू पुरले. सुशांतला किती लागतील, मला माहीत नाही. आजोबा मात्र रोज रात्री पान्याला तेल लावून ठेवतात.