टपावरची अकरावी वस्तू

त्या दुपारी जीपच्या टपावर पाण्याचे दोन डबे, डिझेलचे तीन, एक जादा टायर, एक फावडं, एक जॅक, दोरखंडाचं एक वेटोळं आणि तंबूची एक पिशवी होती. अकरावी वस्तू मी. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. लांबी दीड मीटर, रुंदी एक वीत, जाडी दोन बोटं. टपावर खरं तर बारा वस्तू असायला हव्या होत्या. बारावी म्हणजे माझी जुळी बहीण.

आम्ही दोघी एकाच ओंडक्यातून निघालो. होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं आम्हाला रंधा मारून गुळगुळीत केलं. आमचं होडीतलं बाक होणार होतं. पण एक दिवस जीपवाली मावशी दुकानात आली. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे, घनदाट जंगलातून, ती प्रवाशांना चार दिवसांच्या सफरीवर नेते.

"या दोन्ही दे," ती सुताराला म्हणाली. "चाकाखाली घालायच्यात."

"एवढं चांगलं लाकूड चाकाखाली?"

"चांगलं आहे म्हणून तर. वाईट घालून बघितलंय. चिंध्या होतात."

सुतार कुरकुरला, पण त्यानं आमच्या टोकांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि उचलायला दोरीची कडी ओवून दिली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. जीप चिखलात रुतली की चाकापुढे आम्हाला सारायचं. चाक आमच्यावर चढतं आणि गाडी सुटते. सुटलेली गाडी मऊ जमिनीवर थांबवायची नसते, नाहीतर ती पुन्हा रुतते. म्हणून मावशी थेट कडक जमिनीवर जाऊनच ब्रेक दाबते, आणि खाली उतरलेल्यांनी आम्हाला चिखलातून उपसून तिथवर आणायचं असतं. गाडी सुटली की सगळे टाळ्या वाजवतात आणि बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतात. फळीचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

एक वर्ष मावशीचा पाय मोडला होता. तेव्हा आम्ही शेडच्या मागे ओल्या भिंतीला टेकून पडून होतो. अंगावर बुरशी चढली. पाय बरा होताच तिनं आधी आम्हाला उन्हात काढलं, ब्रशनं खसाखसा घासलं आणि तेल पाजलं. जीपचा नंबर त्यानंतर लागला.

या सफरीला दोघीच प्रवासी होत्या, एक सासू आणि एक सून. सासूबाईंनी जन्मभर शिवणयंत्र चालवलेलं. सून जमिनीची मोजणी करणारी, तिच्या कमरेला सदा टेप.

"मुलाला नाही आणलंत, काकू?" मावशीनं विचारलं होतं.

"त्याला गच्चीवर चढलं तरी गरगरतं," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यात दम आहे, म्हणून हिला घेतलं."

सकाळी एका दलदलीतून गाडी सुटली. सुनेनं मला उचललं. सासूबाईंनी फावडं उचललं. माझी बहीण सासूबाई आणतील असं सुनेला वाटलं, आणि ती सुनेच्याच हातात आहे असं सासूबाईंना. मावशी तर पुढे, स्टिअरिंगवर. अशी माझी बहीण चिखलात राहिली.

हे कळलं ते दुपारी, नदीच्या पात्रात. पात्र रुंद आणि कोरडं होतं, फक्त अलीकडच्या काठानं एक बारीक धार वाहत होती. बरोबर मध्यावर चारही चाकं वाळूत बसली. मावशी टपावर चढली आणि तशीच उभी राहिली.

"दुसरी फळी कुठंय?"

"आईंनी आणली ना?"

"मी? अगं, मी फावडं आणलं! दोन हात आहेत मला, दहा नाहीत."

"आई, मला वाटलं—"

"वाटावाटी नंतर करा," मावशी म्हणाली. ती वरच्या अंगाच्या डोंगरांकडे बघत होती. तिकडे आभाळ काळं झालं होतं. "धारेचा रंग बघा. सकाळी नितळ असते, आता गढूळ आहे. वर पाऊस झालाय. ते पाणी इथवर यायच्या आत गाडी बाहेर काढायची, नाहीतर सोडून द्यायची. आणि ही गाडी गेली तर माझं काम गेलं."

सुनेनं धारेच्या कडेला एक काटकी रोवली. थोड्या वेळानं काटकी पाण्यात उभी होती.

दोर बांधायला आसपास झाड नव्हतं. मावशीनं टायरमधली हवा कमी केली. जॅक लावला तर तोच वाळूत जाऊ लागला. तेव्हा तिनं मला जॅकखाली घातलं. गाडी कण्हत वर आली. मोकळ्या झालेल्या चाकाखाली सासू-सुनेनं दगड आणि पुरात वाहून आलेल्या फांद्या ठासल्या. मग मला तिथून काढून दुसऱ्या चाकापुढे सारलं. मावशीनं हळूच क्लच सोडला. गाडी माझ्या लांबीएवढी पुढे सरकली आणि पुन्हा बसली.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

पुन्हा जॅक, पुन्हा दगड, पुन्हा मी. जिथे आम्ही दोघी बहिणींनी वाटून घ्यायचं, तिथे सगळा भार माझ्या एकटीवर येत होता. माझ्या मध्यातून करकर आवाज आला.

"तुटेल हो ही!" सून ओरडली.

"ती काही बोलली का तुला?" सासूबाईंनी पदर खोचला. "मग तू कशाला बोलतेस? दगड आण!"

पाणी मागच्या चाकांना लागलं. आता वाळूबरोबर मीही भिजून जड झाले होते. सासूबाई गुडघाभर पाण्यात बसून हातानं वाळू उकरत होत्या. शेवटच्या खेपेला मावशीनं गिअर टाकला, चाक माझ्यावर चढलं, मी वाकले, आणि गाडी उसळी मारून पलीकडच्या खडकावर गेली. यावेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सून आणि सासूबाई दोघीही पाण्यात वळल्या. दोघींनी मिळून मला धरलं, एकीनं एका टोकाला, दुसरीनं दुसऱ्या.

काठावर सुनेनं मला निरखलं. मी धनुष्यासारखी वाकले होते. तिनं टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली आणि मध्यातलं अंतर मोजलं.

"बेचाळीस मिलिमीटर बाक आहे. आता जळणालाच ना?"

"हात लावून बघ!" मावशी म्हणाली. "पुढे अजून दोन नद्या आहेत आणि फळी एकच. लाकूड ओलं आहे तोवर ऐकतं."

तिनं मला खडकावर पालथं घातलं, फुगवटा वर करून. मग गाडी सावकाश पुढे घेतली आणि मागचं चाक माझ्या बरोबर मध्यावर आणून उभं केलं. रात्रभर मी त्या वजनाखाली होते. दुखलं, पण हे दुखणं वेगळं होतं.

मित्रांनो, माझी बहीण अजून त्या दलदलीत आहे. तिला टाकावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं उचललं असेल. म्हणून माझं एकच मागणं आहे. काम फत्ते झालं की आनंद जरूर करा, पण आधी मागे वळा आणि ज्यांच्यावरून पार झालात त्यांना स्वतःच्या हातानं उचला. त्यांना धुवा, तेल लावा. आणि कुणी वाकलं, तर लगेच चुलीत घालू नका.

सकाळी गाडी पुढे घेतली. सासूबाईंनी दोरीचं एक टोक धरलं, सुनेनं दुसरं, आणि मध्ये टेप लावला.

"काल बेचाळीस," सून म्हणाली. "आज सव्वीस."