वाघ पांघरलेलं काचघर

"दार लाव! अगं, आधी दार लाव!" किया काकू ओरडली, आणि मी पाठीनेच दार ढकललं, कारण माझ्या दोन्ही काखांत कोंबड्या होत्या आणि तिसरी खांद्यावरून डोक्यावर चढायच्या बेतात होती.

तर असं सगळं. बाहेर शून्याच्या खाली तीस, सगळ्या गल्लीची लाईट गेलेली, वहिनी दवाखान्यात, तिला सकाळपासून कळा, आणि इकडे मी आणि काकू मागच्या अंगणातल्या काचघरात कोंबड्या सोडतोय, आजी घराच्या दारातून बघतेय. हसू नका ना. आधी ऐका तरी.

काचघर म्हणजे तुम्हाला वाटतं तसलं चकचकीत नाही हं. इथे अमेरिकेत, आमच्या सेंट पॉलमध्ये, जुनं घर पाडलं की खिडक्या रस्त्याच्या कडेला ठेवतात. काकूने त्या वर्षानुवर्षं ढकलगाडीवरून आणल्या आणि एकीला एक ठोकत गेली. एक हिरवी, दोन पांढऱ्या, एकीवर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला डायनोसॉर अजून आहे. आत काळे रंगवलेले पाण्याचे पिंप, एक विजेचा हीटर, आणि कोंबडीचं औषध. आम्ही त्या पाल्याला तेच म्हणतो. लाल देठाचा एक, बारीक पात्यांचा एक, चुरगळला की लिंबासारखा वास येणारा एक.

आमच्या ह्मोंग लोकांत, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून इकडे आलेल्यांत, बाई बाळंत झाली की महिनाभर ती दुसरं काही खातच नाही. गरम भात, उकडलेली कोंबडी आणि रश्श्यात हा ताजा पाला. थंड पाण्याचा थेंब नाही. नाहीतर म्हातारपणी हाडं ठणकतात. आजीची ठणकतात. तिचं तिसरं बाळंतपण लाओसच्या जंगलात झालं, लढाईतून पळता पळता, आणि तिला पाला मिळाला नाही. अजून थंडी पडली की ती गुडघे चोळते आणि त्या पाल्याची आठवण काढते, जसं काही कालच कुणीतरी द्यायचं विसरलं.

उन्हाळ्यात हा पाला सगळ्यांच्या दारात असतो. पण जानेवारीत? जानेवारीत फक्त आमच्या काकूकडे! कुणाची सून बाळंत झाली की येतात बर्फ तुडवत. काकू कात्रीने कापून देते, उपटू देत नाही कुणाला. या भागातली कितीतरी पोरं त्या रश्श्यावर वाढलीयत, मॉलमध्ये कुणी दांडगं पोर दिसलं की मी मनात म्हणते, हे आमच्याच काचघरातलं.

आणि काकूला स्वतःला मूल नाही. काका बर्फावर गाडी घसरून गेला, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. लोक म्हणाले, वय आहे तुझं, दुसरं लग्न कर. तर ही म्हणाली, "मग हीटर कोण बघणार?" सगळे हसले. ती काही हसली नव्हती. दिवसभर कारखान्यात भिंगाखाली कानातल्या मशीनचे बारीक भाग जोडते, घरी आली की कोट न काढता आधी काचघरात.

बाळंतिणीचं पातेलंही तीच चढवते. आणि दर वेळी आजी चुलीशेजारून म्हणते, "किया, चव घेऊ नकोस हं. तो बाळंतिणीचा घास आहे." दर वेळी! काकू पळी नाकाशी नेते, वास घेते, "झालं" म्हणते आणि झाकण ठेवते. इतक्या वर्षांत तिने तो रस्सा जिभेला लावलेला नाही.

तर त्या दिवशी दुपारी लाईट गेली. आईबाबा धाकट्या मावशीकडे कॅलिफोर्नियाला, विमानं बंद, चेंगदादा वहिनीजवळ. काकूने काचघरातल्या पाऱ्याकडे बघितलं आणि मला नुसतं म्हणाली, "पा-कू, फावडं आण."

आम्ही बर्फ उचलून उचलून भिंतींना लावला, पार खिडक्यांच्या कमरेपर्यंत. बर्फ ऊब धरतो, माहितीय ना? मग स्वयंपाकघरात गॅस काडीने पेटवून घरातलं प्रत्येक पातेलं चढवलं, भात वाफवायचं सुद्धा, आणि उकळतं पाणी बादलीने नेऊन पिंपात ओतलं. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. तरी पारा खालीच.

"पांघरुणं," काकू म्हणाली.

आता आमच्या घरातली पांघरुणं तुम्हाला माहितीच आहेत. तुमच्याही घरी तीच. जाडजूड, लोकरी, वर हे एवढाले वाघ! आजीच्या पलंगावरचा वाघ, माझा वाघ, दादाच्या लग्नात आलेले जोडीचे वाघ, सगळे छतावर. शेजारचे बर्गलुंड आजोबा कुंपणाशी आले, टोपी वर केली, बराच वेळ बघितलं.

"पा-कू, तुमच्या घरावर वाघ बसलेत."

"हो आजोबा. थंडी वाजतेय त्यांना."

"बरं," म्हणाले, आणि घरात जाऊन त्यांचं स्वतःचं पांघरूण घेऊन आले. त्यावर बदक होतं. तेही चढवलं.

आजी तोवर मागच्या दारात उभी, शाल गुंडाळून. ती काचघरात कधीच पाऊल टाकत नाही. "काचेत राहायला मी काय मासा आहे?" असं म्हणते. पण त्या दिवशी तिथूनच हुकूम. "अगं, तो कोपरा उघडा आहे! नातसुनेच्या माहेरचे काय म्हणतील, आपल्या मोऊआंच्या घरी तिला बाजारातला गोठवलेला पाला घातला?"

काकू पिंपांपाशी गेली. पिंपाला हात लावून उभी होती. मग एकदम म्हणाली, "कोंबड्या."

दादाने वहिनीसाठी शेतावरून जिवंत कोंबड्या आणल्या होत्या, काळ्या अंगाच्या, महिन्यातली पहिली खेप. त्या गॅरेजमध्ये गारठून एकमेकींत घुसून बसलेल्या. "त्यांचं अंग किती गरम असतं," काकू म्हणाली, "त्याही वाचतील, पालाही वाचेल." मी म्हटलं, काकू, तू ग्रेट आहेस!

म्हणूनच दोन काखांत दोन, आणि "दार लाव!"

पाच मिनिटं काय सुंदर होती सांगू. कोंबड्या पिंपांना टेकून बसल्या, अंग फुगवलं, काचघरात घरासारखा वास आला. आणि मग त्यातल्या एकीने मान वळवून लाल देठाचं एक पान टचकन तोडलं.

"अगं बाई," काकू म्हणाली.

बाकीच्यांनी बघितलंच. मग काय! टच टच टच! मी एक पकडतेय तर दुसरी कुंडीत, काकू हात पसरून झाडांसमोर उभी, "शूऽ! शूऽ! सटव्यांनो!" आणि दारातून आजी पोट धरून हसतेय. "किया! पातेल्यात एकत्र जायच्या त्या, तू आधीच जेवायला बसवलंस!"

काकूला रडू येतंय की हसू, कळेना. पण हात थांबले नाहीत. कपड्यांच्या टोपल्या आणून उलट्या घातल्या, दोन-दोन कोंबड्या एकेका टोपलीखाली. तरी काही उरल्या. मी धावत गेले आणि बाळाचा नवा पाळणा आणला, तो जाळीचा, घडीचा. आणला आणि दारात आजीला बघून जागच्या जागी थिजले. बाळाच्या आधी पाळण्यात कोंबड्या! आजी आता मला जिवंत ठेवत नाही.

आजीने पाळण्याकडे बघितलं. आत गेलेल्या काकूकडे बघितलं, जी गुडघ्यांवर बसून तुटके देठ मातीत परत दाबत होती. मग आजीने शाल आवळली, काठी टेकली आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, काचघरात आली.

"घाल आत," मला म्हणाली. "नव्या जिवाला घरी बोलवायला कोंबडीच लागते. त्या आधी येऊन बसल्या तर बसू देत." आणि पालथ्या बादलीवर बसली, आपल्या शालीचं टोक एका कुंडीवर ओढून.

तिथून पुढे पाणी, पातेली, पाणी, पातेली. ते नाही सांगत, सगळं सारखंच होतं.

उजाडायला दादाचा फोन. "पा-कू! मुलगी झाली! दोघी छान आहेत. अगं ऐक, सासूबाई इथेच आहेत, विचारतायत, पाला आहे ना?"

मी काकूकडे बघितलं. आम्ही अजून वाघ काढले नव्हते. त्यांच्याखालच्या अंधारात काय उरलंय कुणालाच माहीत नव्हतं, पहाटेचा पारा मी बघितला होता आणि काकूला सांगितला नव्हता.

आजीने फोन माझ्या हातातून ओढला. "आहे!" म्हणाली, एवढ्या जोरात की दवाखान्यात फोनशिवाय ऐकू गेलं असेल. "विचारायचं काय त्यात! किया मोऊआचं काचघर आहे हे!" आणि ठेवला.

मग आम्ही वाघ काढले. पापडासारखे कडक झालेले, उभे केले तर उभे राहात होते. आत दाराजवळची सगळी रांग गेली होती. काळी, लिबलिबीत, उकडल्यासारखी. काकूने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि पुढे गेली. पिंपांच्या मधली, ती जगली. मान टाकलेली, पण हिरवी. काकू तिथेही थांबली नाही. ती थेट मागच्या कोपऱ्यात गेली, जिथे तिची जुनी कुंडी असते. तिच्या आईने थायलंडच्या निर्वासित छावणीतून निघताना पोर पाठीशी बांधायच्या पट्ट्याच्या शिवणीत एक मूळ लपवलं होतं, आणि त्या पट्ट्यात तान्ही काकू बांधलेली. त्या मुळाची कुंडी.

कुंडीवर कोंबडी बसली होती.

टोपलीतून कधी निसटली देव जाणे. अंग फुगवून, डोळे मिटून, अंड्यावर बसावी तशी. काकूने हळूच तिच्या पोटाखाली हात घातला. खाली पानं होती. दबलेली, चुरगळलेली, एक तुटलेलं, आणि गरम. गरम होती! मी पण हात लावून बघितला.

"हिला कापायची नाही," काकू म्हणाली. बस, एवढंच.

आणि मग तिने कात्री घेतली. आईच्या मुळावरचं पहिलं कापलं.

रश्श्याचा थर्मास घेऊन बर्गलुंड आजोबांच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. वहिनीने झाकण उघडलं, वास घेतला, आणि तिच्या आईने, त्या व्हँग बाईने, जिला आमच्याकडचं काहीच पटत नाही, थर्मासात डोकावून बघितलं. "ताजा आहे," म्हणाली. काकू तेव्हा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे मी बघितले ना. असे सरळ!

तिसऱ्या दिवशी आमच्या रीतीने बाळाचा जीव घरी बोलवला, सगळ्यांनी तिच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले, इतके की इवलासा हात दिसेना. घर भरलेलं. काकू चुलीशी. पळी नाकाशी नेली, वास घेतला, "झालं" म्हणाली, आणि वहिनीचा वाडगा भरला.

आजीने दुसरा वाडगा पुढे केला.

"सुनेचा भरलाय, आई," काकू म्हणाली.

"दिसतंय मला. हा भर."

काकूने भरला. आजीने तो घेतला नाही. दोन्ही हातांनी तिच्याकडेच परत सारला.

"मी कुठे..." काकू म्हणाली आणि थांबली. ओट्याशी बसलेल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"गार होईल," आजी म्हणाली. "हाडं दुखतात मग."

काकू वाडग्याकडे बघत राहिली. मग तो दोन्ही हातांत धरून, कोट न घालता, मागच्या दाराने बाहेर गेली. मी निघालेच होते मागे, आजीने माझी बाही धरली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काचघर दिसतं. लाईट आलेली, हीटर चालू, ऊन लख्ख, सगळ्या काचा कोरड्या, स्वच्छ. ती कोपऱ्यातल्या कुंडीशी उभी असलेली दिसली. मग डायनोसॉरवाली काच आतून वाफेने धुरकट झाली. मग तिच्या शेजारची.