डाव्या पंजाची नखं

कुमाच्या डाव्या पुढच्या पंजाची नखं उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर लांब होती. मी व्हर्नियरने दोनदा मोजलं. सगळी नखं एकाच दिवशी कापलेली. म्हणजे डावी जमिनीवर झिजत नव्हती.

वहीत तारीख घालून मी आकडा लिहिला.

"किती रविवार झाले, सुप्रभा?" माझ्या नवऱ्याने, निहारने, चहाचा कप पुढे ठेवत विचारलं.

"तेरा."

"अजून थोडे भर, रिसर्च पेपर छापून येईल. कुत्रा तोवर लंगडत का असेना."

कुमा आमचा चॉकलेटी लॅब्रडॉर, दहा महिन्यांचा, बत्तीस किलोंचा. सातव्या महिन्यात तो झोपेतून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडायला लागला. त्याचे डॉक्टर हमादा-सेन्सेई, त्यांनी एक्स-रे काढला. काही दिसलं नाही.

"कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो," ते म्हणाले. "एक्स-रेत तो लपतो. सीटी स्कॅन करावा लागेल, पूर्ण भूल देऊन."

मी सहा आठवडे मागितले. वजन कमी, उड्या बंद, दुखण्यावर गोळ्या. मग आणखी सहा. दोन्ही वेळा ते मान लववून म्हणाले, "निर्णय कुटुंबाचा." पुण्यातल्या डॉक्टरांनी मला झापलं असतं. इथे जपानमध्ये कुणी झापलं नाही आणि ती शांतता मी संमती धरली.

सुटलेला तुकडा दर पावलाला समोरची कूर्चा खरवडतो आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही, हे मला माहीत होतं. पण प्रयोगशाळेत उंदरांना भूल मीच देते. न उठलेले उंदीरही मीच मोजते.

त्या सकाळी फिरून येताना लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या इशिदा-सान भेटल्या. टोकियोजवळच्या आमच्या उरायासूच्या इमारतीत मोठ्या कुत्र्यांना परवानगी आहे, तरी मी नेहमीप्रमाणे आवाजाबद्दल माफी मागितली.

"छे, छे," म्हातारबाई हसल्या. "पण हल्ली तीनच पावलं ऐकू येतात. चौथ्याची वाट बघत बसते मी."

त्यांचा मजला आला, त्या उतरल्या. आमचा आला तेव्हा दार उघडूनही कुमा जागचा हलला नाही.

घरात आल्यावर मी त्याचं डावं कोपर हळूच दुमडलं. ते गेल्या रविवारइतकं मिटलं नाही. अंगठ्याखाली बारीक रवा भरडल्यासारखं काहीतरी करकरलं. कुमा ओरडला नाही. त्याने श्वास रोखला आणि माझं मनगट चाटलं.

माझा हात पेनाकडे गेला.

"इताई," शेजारी बसलेली ओवी म्हणाली. ती आठ वर्षांची. दुखणं तिला जपानीतच सुचतं. मग मराठीत, "आई, त्याला दुखतंय. तू लिहू नकोस ना."

मी वही मिटली. दवाखाना रविवारीही उघडा असतो. फोन हमादा-सेन्सेईंनीच घेतला. मी त्यांना नखांचं सांगितलं, करकर सांगितली.

"उशीर झालाय का?" मी विचारलं.

"आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही," ते सावकाश म्हणाले. "कुटुंबाचा विचार काय आहे?"

निहारने टीव्ही बंद केला. फरशीवर कुमा उठायचा प्रयत्न करत होता: एक, दोन, तीन.

"सीटी करा," मी म्हणाले. "तुकडा असेल, तर त्याच भुलीत काढा."